खाणीवरची अर्धी गोष्ट

उत्तर न दिलेली पत्रं नानांच्या आयुष्यात बरीच होती, पण बाकीच्यांनी केव्हाच त्यांचा नाद सोडला होता. एका मासिकाच्या संपादकानं तीन स्मरणपत्रं पाठवून हात टेकले. एक शाळासोबती रुसून गप्प बसला तो कायमचा. हे एक पत्र मात्र अडतीस वर्षं मानगुटीवर बसून होतं. हजेरीच्या वहीतून फाडलेला कागद, वर तारखांचे रकाने, आणि त्या रकान्यांना न जुमानता आडव्या गेलेल्या पाच-सहा ओळी. नानांनी उत्तर लिहायला अकरा वेळा घेतलं. पहिल्या वेळी चार पानं झाली आणि मुद्दा आलाच नाही. अकराव्या वेळी एकच ओळ झाली आणि ती वाचून त्यांना दरदरून घाम फुटला. मग त्यांनी ते पत्र पुस्तकगाडीतल्या यादीच्या खणात, 'क्ष'च्या चिठ्ठ्यांमागे सरकवून दिलं. क्षपासून सुरू होणारं पुस्तक कोणी मागत नाही, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा अनुभव होता.

चिमणीनं नेमका तोच खण उघडला.

चिमणी म्हणजे नानांच्या मोठ्या भावाची, दादांची, थोरली मुलगी. चाळिशी उलटली तरी नाव काही उडून गेलं नव्हतं. शहराच्या नव्या ग्रंथालयात फिरत्या वाचनालयांच्या इतिहासासाठी एक अख्खं दालन निघत होतं आणि त्याची सगळी जबाबदारी तिनं अंगावर घेतली होती. दादांच्या घराखालच्या गॅरेजमध्ये बारा वर्षं नुसती उभी असलेली पुस्तकगाडी उद्या सकाळी ओढून तिकडे न्यायची होती. भिंतीवरच्या फलकांचा मजकूर आज पाच वाजता छापखान्याचा माणूस घेऊन जाणार होता. आता तीन वाजले होते.

"नानाकाका, हे बघा," ती गाडीच्या पायरीवरून उतरत म्हणाली. "आपला दाराचा फलक मिळाला."

नानांनी कागद लांबूनच ओळखला. हातातला पेन खाली पडला. तो उचलायला ते वाकले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेलेच राहिले.

गॅरेजमध्ये त्या वेळी घरातले सगळेच होते. दादा मधोमध खुर्ची टाकून बसलेले, शहात्तराव्या वर्षीही आवाज असा की भोंग्याची गरज पडू नये. ताई, सगळ्यांत मोठी, नवरा गेल्यापासून इथेच राहणारी, जुन्या नोंदवह्यांवरची धूळ फडक्यानं झटकत होती. गाडीच्या टपावर चढून 'हॉर्न' भोंगा पुसत होता. हॉर्न हा गाडीचा जुना ड्रायव्हर, घोडागाडीच्या काळापासूनचा. वळण असो नसो, तो हॉर्न वाजवायचा, म्हणून त्याचं तेच नाव पडलं होतं. वहिनी चहाचे कप घेऊन वरून येत होत्या.

"वाच, वाच," दादा म्हणाले.

चिमणीनं वाचलं. "गाडीवाल्या साहेबांस. त्या दिवशी तुम्ही वाचून दाखवलेली गोष्ट अर्धी राहिली. सासूबाई रोज विचारतात, विहिरीतला माणूस वर आला का. तेवढं कळवावं. आमच्यात वाचणारं कोणी नाही. हे पत्र कारकुनाकडून लिहून घेतलं आहे. पुस्तक नको."

"वा," दादांनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात जाहिरात. आबांनी अर्ध्यात पुस्तक मिटलं आणि म्हातारीची झोप उडाली. चिमणे, हेच दारावर. माणसाएवढं मोठं कर. वर मथळा, 'विहिरीतला माणूस वर आला का?' येणाऱ्याचे पाय आपोआप आत वळतील."

"शेवटचं वाक्य काढते," चिमणी म्हणाली. "वाचनालयाच्या दारावर 'पुस्तक नको' बरं दिसत नाही."

"काढ की. कारकुनाचंही काढ. चार ओळी पुरे."

नाना उठले, खिडकीपाशी गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले.

"नाना, तुझ्या खुर्चीत खिळा आहे का?" दादांनी विचारलं.

"नाही. म्हणजे... ते पत्र लावू नये, असं मला वाटतं."

"का?"

का, हे सांगायचं तर बरंच मागून सुरुवात करायला हवी होती, आणि मागून सुरुवात करणं हाच नानांचा रोग होता. फलकांचा सगळा मजकूर त्यांनीच लिहिला होता, तोही असाच. आजोबांच्या फलकाला त्यांनी तीन आठवडे घेतले होते. आजोबा पाठीवर पेटी बांधून गावोगाव हिंडायचे. पुस्तक घ्या म्हटलं की लोक पाठ फिरवायचे, म्हणून ते चहाच्या दुकानातल्या बाकावर एखादं पुस्तक विसरल्यासारखं सोडून यायचे. पुढच्या फेरीत ते परत मागायला जायचे, तोवर चौघांनी वाचलेलं असायचं आणि पाचवा भांडत असायचा. मग वडिलांची, आबांची, घोडागाडी. आबांनी घंटा बांधली आणि अर्ध्या गोष्टीची रीत काढली. बाजाराच्या दिवशी चौकात गाडी उभी करायची, मोठ्यानं वाचायचं आणि ऐन मोक्याला पुस्तक मिटून म्हणायचं, "पुढचं आत आहे." त्यानंतर दादांची मोटारगाडी, भोंगा, रंगीत पत्रकं, दहा पुस्तकं वाचणाऱ्याला छातीवर लावायचा बिल्ला. नानांचा फलक नव्हता. नानांनी पत्रकांवरचा मजकूर लिहिला, चिठ्ठ्या लावल्या आणि लोक आले की शेल्फाच्या मागे जाऊन उभे राहिले.

"का ते सांग ना," दादा म्हणाले. "तुझं गुळमुळीत नको. पाचला माणूस येतोय."

"पत्र आबांना नाही आलेलं."

"गाडीवाले साहेब म्हणजे कोण मग? तू?"

ताईचं फडकं थांबलं.

"तो तापाचा आठवडा," ताई सावकाश म्हणाली. "आबा अंथरुणाला खिळले होते. तू इंजिन बघायला गेला होतास, दादा. नाना गेला होता खाणीवर, हॉर्नला घेऊन."

"हा? आणि वाचून दाखवलं? चौकात उभं राहून?" दादांना हसू आवरेना. "अरे, तुझ्या साखरपुड्याला तुझं नाव मी सांगितलं होतं."

"छान वाचलं होतं पण," टपावरून हॉर्न म्हणाला. "देवाशपथ, दादासाहेब. पाखरू हललं नाही."

ते खरंच होतं, आणि तेच नानांना खुपत होतं. साठ-सत्तर माणसं, अंगावर पांढरी धूळ, दगडांच्या ढिगांवर बसलेली. नानांनी घाईघाईत पेटीतलं वरचं पुस्तक उचललं होतं. विहीर खणणाऱ्याची गोष्ट. माती ढासळते, तो खाली अडकतो. वरच्यांचं बोलणं त्याला ऐकू येतं, त्याचं वर पोचत नाही. वरचे दमतात. एकेक जण फावडं खाली ठेवतो. तिथे नानांनी पुस्तक मिटलं. आबा मिटायचे अगदी तसं, एका हातानं, टप्प आवाज करून. समोर सगळ्यांचा श्वास अडकला आणि जन्मात पहिल्यांदा नानांना वाटलं, जमलं. "पुढचं आत आहे," ते म्हणाले. कोणी पुढे आलं नाही. त्यांना वाटलं, लाजले असतील.

परतीच्या वाटेवर घोडी हाकायची पाळी हॉर्नची होती. त्या दिवशी त्यानं घंटासुद्धा वाजवली नाही.

"पुढच्या ओळीतली म्हातारी दिसली का?" शेवटी तो म्हणाला होता. "तिचा मुलगा दोन वर्षांमागे खाली राहिला. दरड आली. मालकानं आठ दिवस उपसली, मग बाजूनं नवा रस्ता काढला."

"कुठे खाली?"

"तिथेच. तुम्ही उभे होता त्याच्या जरा पलीकडे."

हे सगळं नानांनी आता सांगितलं, पण तुटक, अडखळत, मध्येच चष्मा पुसत. सांगून झाल्यावर त्यांनी गाडीच्या आतून आबांची छोटी वही आणली. तिच्यात प्रत्येक थांब्यापुढे आबांच्या बारीक अक्षरात काहीतरी टिपलेलं होतं. गिरणी : रडकं नको, पगाराच्या आदल्या दिवशी तर नकोच. पलीकडचं गाव : भुतं आवडतात, पण शेवटी गेलेली हवीत. शाळा : मास्तर पुढे बसल्यास विनोद टाळावा.

"हे वाच," नानांनी चिमणीला बोट दाखवलं.

"खाण : विहीर, भुयार, तळघर नको. इथे पुरती वाचावी. इथे पेटी उघडायची नाही, तोंड उघडायचं."

"मी घरी आल्यावर वाचलं ते," नाना म्हणाले. "आबा तिथे कधीच अर्ध्यात मिटत नव्हते. सगळं पुस्तक वाचायचे. दोन-दोन तास. मला वाटत होतं रीत म्हणजे रीत, सगळीकडे एकच."

दादांनी हात पुढे करून वही मागितली. चष्मा कपाळावर चढवून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग ताईकडे वळले.

"ती नोंदवही दे. खाणीची."

"आता कशाला?"

"दे म्हणतो ना."

ताईनं दिली. दादांनी पानं उलटली. वीस वर्षांच्या फेऱ्या, दर पंधरवड्याला एक, आणि पुस्तकं नेल्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीला शून्य. अक्षर ताईचं होतं, शून्यं गोल आणि सुबक.

"मोटार आली तेव्हा मी थांबे ठरवत होतो," दादा म्हणाले. आवाज खाली आला होता, म्हणजे इतरांच्या साध्या आवाजाएवढा झाला होता. "ही वही बघितली. वीस वर्षं शून्य. म्हटलं, आबा उगीच घोडं दमवतायत. पहिल्याच दिवशी खाणीवर काट मारली. आबा तेव्हा काही बोलले नाहीत."

"त्यांचं बोलणं तेव्हा बंद झालं होतं," वहिनी म्हणाल्या. "त्या तापानंतर एक बाजू गेली होती त्यांची. विसरलात?"

"विसरलो नाही. पण हा काय मुका होता?" दादांनी नानांकडे बोट रोखलं. "तुला माहीत होतं शून्य का आहे ते. थांबे ठरवताना टेबलाच्या त्या बाजूला तूच बसला होतास. एक शब्द बोलला नाहीस."

"बोललो असतो तर पत्राचंही सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं."

"दादा, मला तुझ्यासारखं येत नाही."

"येत नाही म्हणून शेपन्नास माणसांचा थांबा गेला."

"साठ-सत्तर होती," नाना पुटपुटले, आणि अशा वेळी आकडा दुरुस्त करणाऱ्या स्वतःचा त्यांना भयंकर कंटाळा आला.

"त्याच्यावर कशाला डाफरतोस?" ताई मध्ये पडली. "काट तू मारलीस." पण लगेच ती नानांकडे वळली आणि तिचा सूर बदलला. "पण तू रे? पत्र मीच तुझ्या हातात दिलं होतं. दोनदा विचारलं, उत्तर दिलंस का. हो म्हणालास."

"हो."

"माझ्याशी खोटं बोललास."

"हो, ताई."

ताईनं फडकं जोरात झटकलं. सगळी धूळ तिच्याच तोंडावर उडाली आणि ती खोकत बाजूला झाली. आतापर्यंत नानांच्या बाजूनं उभं राहणारं घरात एकच माणूस होतं, तेही आता पाठ करून उभं होतं.

चिमणीला घड्याळ दिसत होतं. "मला एक सुचतंय," ती म्हणाली. "त्या बाई असतील तर त्यांना उद्घाटनाला बोलवू. पहिल्या रांगेत खुर्ची. नानाकाका त्यांना शेवट वाचून दाखवतील. सगळ्यांसमोर. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल, खरंच."

"उत्तम," दादा लगेच सावरले. "छायाचित्रकार आहेच आपला."

नानांनी गाडीच्या दाराला धरलं. "तिनं खुर्ची मागितली नव्हती," ते म्हणाले. "उत्तर मागितलं होतं." हे वाक्य त्यांनी आयुष्यात बोललेल्या वाक्यांपैकी बरंच मोठ्यानं बोललेलं होतं. आवाज गाडीच्या पत्र्यावर आपटून परत आला तेव्हा ते स्वतःच दचकले.

"पण आहेत का त्या?" वहिनींनी विचारलं. "इथे आपण रांगा लावतोय."

हॉर्न टपावरून खाली उतरला. हात पुसत म्हणाला, "सून आहे. खाण बंद झाली, वस्ती राहिली. जुन्या वजनकाट्यापाशी घर आहे तिचं. माझा मेहुणा तिकडचाच. म्हातारी मात्र गेली."

"कधी?" नानांनी विचारलं.

"त्याच साली. थंडीत."

पत्र उन्हाळ्यात आलं होतं. नानांनी मनातल्या मनात महिने मोजले आणि मोजून झाल्यावर पुन्हा मोजले, जणू दुसऱ्यांदा कमी भरतील. सहा महिने म्हातारी रोज विचारत होती. सहा महिने ते मजकूर सुधारत होते.

"मग संपलं," ते म्हणाले. "आता कोणाला कळवायचं? काढून टाका ते पत्र. किंवा लावा. मला काही म्हणायचं नाही."

ते बाहेर निघाले होते. वहिनींनी चहाचा कप त्यांच्यापुढे असा धरला की तो घेतल्याशिवाय जाता येऊ नये.

"भावजी, एक विचारू? जिचा मुलगा गेला ती सासू. मग ही सून म्हणजे त्याचीच बायको ना?"

"हो," हॉर्न म्हणाला. "धाकटं पोर कडेवर होतं तिच्या, त्या दिवशीही."

"मग झालं तर," वहिनी म्हणाल्या. "सासू विचारते म्हणे. बायकांची पत्रं तुम्हाला कधी वाचताच आली नाहीत, इतकी पुस्तकं वाचूनसुद्धा. मी माहेरी लिहायचे, 'ह्यांना पोटदुखीचा त्रास आहे.' पोट माझं दुखत असायचं."

दादांनी बायकोकडे पाहिलं. "कधी?"

"तुम्ही चहा घ्या."

नाना कप हातात धरून उभे होते. अडतीस वर्षं त्यांनी त्या कागदावरचं प्रत्येक अक्षर पाठ केलं होतं. 'सासूबाई रोज विचारतात' हे वाचताना त्यांना दर वेळी म्हातारी दिसायची. पुढच्या ओळीत बसलेली, दगडासारखी. तिच्या मागे कडेवर मूल घेऊन उभी असलेली बाई त्यांनी पाहिलीच नव्हती. कारकुनासमोर उभं राहून, मालकाच्या हजेरीवहीचं पान मागून, पत्र लिहून घेणारी तीच.

"शेवट काय आहे हो त्या गोष्टीचा?" चिमणीनं हळूच विचारलं. "पुस्तक तर यादीत नाहीये."

"एकच प्रत होती, फाटून गेली," नाना म्हणाले. "शेवट... तो वर येत नाही."

"अरे देवा," ताई म्हणाली. तिनं पाठ फिरवली होती ती वळली. "म्हणून लिहिलं नाहीस होय?"

"आला असता तर त्याच दिवशी लिहिलं असतं, ताई. एका ओळीचं काम. खोटं लिहावं असंही वाटलं. तेही जमलं नाही."

दादा वहीवर बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "वर येत नाही, एवढंच आहे का पुढे?"

"नाही. अजून आहे."

"मग तू तर अजून अर्धीच सांगतोयस, गाढवा."

नानांनी भावाकडे पाहिलं. दादा दुसरीकडे बघत होते. नानांनी कप तसाच खाली ठेवला आणि ते पुस्तकगाडीत चढले. आत, देवघेवीच्या फळीवर, त्यांनी कोरा कागद ओढला. बाहेर छापखान्याच्या माणसाची मोटारसायकल वाजली. दादांचा आवाज आला, "थांबा जरा, दाराचा मजकूर तयार नाही." चिमणीचा आला, "बाबा, मग काय लावायचं दारावर?" आणि दादांचा, "मला काय विचारतेस? मी शून्य वाचणारा माणूस."

नानांनी मागून सुरुवात केली नाही.

'तुमचं पत्र मिळालं होतं. उत्तर मी दिलं नाही, चूक माझी आहे. विहिरीतला माणूस वर आला का, असं तुम्ही विचारलं होतं. तो जिवंत वर आला नाही. पण वरच्यांनी ठेवलेली फावडी दुसऱ्या सकाळी पुन्हा उचलली. त्याच्या बायकोनं सगळ्यांत आधी उचललं. अकराव्या दिवशी ते त्याच्यापर्यंत पोचले. त्याला वर आणलं आणि घरी नेलं. पुस्तक तिथे संपतं. त्या दिवशी मला हे माहीत होतं आणि मी पुस्तक मिटलं. तुमच्या जागेवर ही गोष्ट वाचायलाच नको होती, आणि वाचली तर पुरती वाचायला हवी होती. सासूबाई गेल्याचं आज कळलं. मी तेव्हा लिहिलं असतं तर त्यांनाही कळलं असतं.'

सही करताना ते अडले. गाडीवाला म्हणावं तर तो मान आबांचा. त्यांनी लिहिलं, 'त्या दिवशी वाचणारा.' मग कागद परत वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीवर हात शिवशिवला. 'चूक माझी आहे' याच्या जागी 'दोष' बरा वाटेल का? 'चूक' फार हलकं तर नाही होत?

"भावजी," वहिनी पायरीवर उभ्या होत्या. हातात पाकीट होतं, तिकीट चिकटवलेलं. "द्या इकडे. तुमच्या हातात राहिलं तर पुन्हा 'क्ष'मध्ये जायचं."

"मीच टाकतो."

"मग मी बघते."

पत्ता हॉर्ननं सांगितला, जुन्या वजनकाट्याशेजारी. "वाचून कोण दाखवेल?" नानांनी विचारलं. "तिचं तिला येतं," हॉर्न म्हणाला. "त्या पोराबरोबर बसून शिकली. पोर थकलं, ती थकली नाही."

टपालपेटी गल्लीच्या तोंडाशी होती, शंभर पावलांवर. नाना निघाले तेव्हा मागे ताई आली, तिच्या मागे वहिनी. दादा गॅरेजच्या दारात उभे राहिले आणि छापखान्याच्या माणसाला आत घेईनात. पेटीच्या फटीत पाकीट अर्धं गेलं आणि तिथे नानांचा हात थांबला. 'दोष' नाही, 'चूक'च बरोबर, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, नाही.

"नाना," ताई म्हणाली, "पुरतं टाक."

त्यांनी बोटं सोडली. आत, तळाशी, पाकीट पडल्याचा बारीक आवाज झाला.